चार फ्लॉप्या

आमच्या घरात संशयाला दुर्गुण कुणी म्हणत नसे, अक्कल म्हणत. दूधवाल्याने माप आपणहून काठोकाठ भरलं की आई ते आत नेऊन घरच्या मापाने पुन्हा मोजायची. पोस्टमन हसून पत्र देऊन गेला की बाबा पाकीट उलटसुलट करून, ते कुणी वाफेवर उघडलं आहे का ते बघायचे. मी त्या दोघांची मुलगी. त्यामुळे ऐंशीचं दशक संपत आलं असताना रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या फाटकावर ‘संगणक वर्ग. दहावी पास कोणीही’ अशी पाटी लागली, तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हा, की कोणीही म्हणजे कोण?

संगणक शिकायचा तर पुण्यामुंबईला जायचं, सायन्सला नव्वद टक्के मिळवायचे, इंजिनियरिंगची जागा पटकावायची, एवढं आम्हाला ठाऊक होतं. इथे तर गणिताची अट नव्हती, सायन्सची नव्हती, वयाची नव्हती, इंग्रजी जेमतेम चालणार होतं. इतकी सोय आपल्या गावात कुणी कशाला करेल? पुण्यात न खपलेलं काहीतरी इथे आणून खपवत असणार, असं माझं ठाम मत झालं. मी तेव्हा बारावी आर्ट्स होऊन घरी बसले होते, आणि मत बनवायला भरपूर वेळ होता.

बाबा बँकेत कारकून होते आणि युनियनमध्ये पुढे होते. संगणक आला की कारकून जाणार, हे त्यांच्या युनियनचं तेव्हाचं म्हणणं. दुपारच्या सुट्टीत बँकेच्या दारात उभं राहून ते संगणकाविरुद्ध घोषणा देत. त्यांना वर्गाचं सांगायला मी घाबरत होते, पण आईनेच एके दिवशी जेवताना विषय काढला. बाबांनी घास खाली ठेवला आणि ते म्हणाले, “जाऊ दे तिला. तिकडे काय चाललंय ते आपल्याला कळायला नको?”

अशी मी हेर म्हणून वर्गात दाखल झाले. रोज संध्याकाळी बाबा विचारत, “आज काय शिकवलं गो?” मी सांगे, “दोन संख्यांची बेरीज.” ते समाधानाने म्हणत, “ती मला येते.” आणि पेपर उघडत.

वर्ग दुपारी तीनला, कॉलेजचे तास संपल्यावर, कोपऱ्यातल्या एका खोलीत भरे. खोलीला एसी होता, म्हणून बाहेरून लोक नुसते दाराशी येऊन गारवा घेऊन जात. चपला बाहेर काढायच्या, हात पुसून आत यायचं. दोन यंत्रं होती, त्यांवर जोडीजोडीने पाळी यायची; पडद्यावर हिरवी अक्षरं. यंत्र चालू करताना आधी एक फ्लॉपी आत सरकवावी लागे, तिच्याशिवाय त्याला काही सुचत नसे. तिला सर ‘सिस्टीम’ म्हणत. फ्लॉपी म्हणजे काळ्या चौकोनी पातळ आवरणातली तबकडी, कागदी पाकिटात ठेवलेली. आम्ही लिहिलेले प्रोग्रॅमही दुसऱ्या फ्लॉप्यांवर साठवायचे. त्या जपणं म्हणजे केलेलं काम जपणं.

सर पुण्याचे होते, तिशीच्या आतले, बोलणं भरभर. पहिल्या दिवशी ते म्हणाले, “पुण्यात अशा खोलीत मला सगळे एकाच तऱ्हेचे विद्यार्थी मिळाले असते. मला तसे नको होते, म्हणून मी इथे आलो.” मला हे अजिबात खरं वाटलं नाही. पुण्यात नोकरी मिळाली नसणार, असं मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. पण वर्ग मात्र खरोखरच चित्रविचित्र होता. रजेच्या दिवशी येणारा एसटीचा कंडक्टर, दोन मुलांची आई असलेली बालवाडीची बाई, मिऱ्याचा एक मासेमाराचा मुलगा, मी, आणि असे मिळून बाराजण. आणि माझ्या शेजारी, एकाच यंत्रावर, जयगडची ती.

ती माझ्याच वयाची. वडील बोटीवर खलाशी, वर्षातून दीडेक महिना घरी. जयगडहून रोज येणं शक्य नव्हतं म्हणून गावात खालेकडे, म्हणजे मावशीकडे, राहायची. डोक्यावरची ओढणी सारखी घसरे आणि ती सारखी सावरे, की-बोर्डवरचा हात मात्र थांबत नसे. पहिल्याच आठवड्यात तिने मला सांगून टाकलं, “अब्बांनी बोटीवरनं पत्र लिवून परवानगी दिलीय. पण एक अट हाय. माझ्याबद्दल घरी एक जरी बोल आला, कुणाचाही, खरा का खोटा, त्या दिवशी शिकणं बंद.”

“खोटा असला तरी?” मी विचारलं.

“बोल आला की आला. खरा-खोटा बघत बसायला ते कुठं हायत इथं?”

मला तेव्हाही वाटलं, ही मला हे का सांगते आहे? माझ्याकडून काही हवं असेल. तिला काही नको होतं. दोघींना एक यंत्र वाटून घ्यायचं होतं, म्हणून तिने आपलं सांगितलं होतं, एवढंच.

ती हुशार होती, हे कबूल करायला मला फार दिवस लागले. शेवटी प्रत्येक जोडीने एक प्रोग्रॅम करून परीक्षकांपुढे चालवून दाखवायचा होता. बाकीचे मार्कांची सरासरी वगैरे करत होते. ती म्हणाली, “भरतीची वेळ काढूया.” सरांना कळलंच नाही. मग तिने त्यांना समजावलं, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, पंचमीला पावणेचारला. तिच्या घरी पोरापोरींना हे पाढ्यांबरोबरच येतं. तिथी द्यायची, यंत्राने वेळ सांगायची, आणि बोट खाडीबाहेर कधी काढता येईल तेही सांगायचं. सर खुर्चीवर नीट बसले आणि म्हणाले, “हे मला पुण्यात कुणी दिलं नसतं.”

मी त्या दिवशी घरी येऊन बाबांना सांगितलं, “आज काही विशेष नाही.”

मग पावसाळा आला. आमच्याकडच्या पावसात काय होतं ते इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. गादीला वास येतो, चपलांवर पांढरं उगवतं, मीठ पाणी सोडतं. सर पुण्याचे. वर्गातली एक फ्लॉपी एके दिवशी चालेना, यंत्र नुसतं घरघरायचं आणि वाचता येत नाही म्हणून सांगायचं. दोन दिवसांनी दुसरी गेली. सरांना वाटलं, कुणीतरी हात लावतंय. प्राचार्यांना वाटलं, कुणीतरी मुद्दाम करतंय. त्यांनी कॉलेजच्या मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट आणून बसवलं, सगळ्या फ्लॉप्या त्यात बंद केल्या आणि कुलूप घातलं. एसीही रोज वर्ग सुटल्यावर बंद होऊ लागला, कारण शिपाई रिकाम्या खोलीत येऊन झोपतो असा प्राचार्यांना संशय होता. फ्लॉप्या रोज काढून द्यायच्या, सुटताना मोजून आत ठेवायच्या, हे काम माझ्याकडे आलं. माझ्याइतका योग्य माणूस त्यांना मिळालाच नसता.

ती सरांना एकदा म्हणाली होती, “सर, कपाटात नका ठेवू. बंद कपाटात बुरशी येते. डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवूया. आमच्याकडं अब्बांचे बोटीचे कागद तशेच ठेवतात.”

सर हसले. “अगं, हे पापड नव्हेत.”

वर्ग हसला. मी जरा जास्तच हसले. तिने ओढणी सावरली.

एका शनिवारी दुपारी ती नेहमीपेक्षा लवकर उठली. खालेकडे पाहुणे आहेत म्हणाली. ती पिशवी खांद्याला लावत होती तेव्हा आत पत्र्याचा डबा वाजला. मी ते ऐकलं. फ्लॉप्यांची पाकिटं मोजली, बरोबर भरली. तरी मी एक पाकीट दाबून बघितलं. ते रिकामं होतं. मग सगळी दाबली. चार पाकिटं रिकामी.

इथे मी थांबले असते तर? सरांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. सोमवारपर्यंत वाट बघून तिलाच विचारता आलं असतं. तिची अट मला माहीत होती. त्या खोलीत ती फक्त मलाच माहीत होती. हे सगळं माझ्या डोक्यात त्या क्षणी आलं होतं, नंतर नाही. आणि तरी मी उभी राहून मोठ्याने म्हणाले, “सर, चार फ्लॉप्या नाहीत. तिने नेल्या. डबा घेऊन आली होती.”

मला चोरी दिसली नव्हती. मला चोरी हवी होती. भरतीच्या प्रोग्रॅमवर सर तिचंच कौतुक करायचे, ते मला सहन होत नव्हतं. आज हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

दारात शिपाई उभा होता. सर “थांबा, थांबा, सोमवारी बघू” म्हणेपर्यंत तो प्राचार्यांकडे पोचलाही. प्राचार्यांनी चिठ्ठी लिहून त्यालाच सायकलवरून खालेच्या घरी पाठवलं. त्याला घर सापडेना. त्याने त्या आळीत चार दारांवर विचारलं, आणि प्रत्येक दारावर कशासाठी आलोय तेही सांगितलं.

सोमवारी खाला स्वतः आली. पन्नाशीची बाई, बुरखा घातलेला, चेहरा उघडा. वर्ग चालू होता. तिने चपला बाहेर काढल्या, आत आली, सरांच्या टेबलावर पत्र्याचा बिस्किटांचा डबा ठेवला आणि झाकण उघडलं. आत मऊ फडक्यात गुंडाळलेल्या चार फ्लॉप्या आणि भाजलेल्या तांदळाच्या दोन पुरचुंड्या.

“मोजून घ्या,” ती म्हणाली. “पोरगी तीन शनवार नेत होती, सोमवारी आणून ठेवत होती. मी तिला इचारलं, सायबाला सांगून नेतंस काय गो? तर म्हणते, सांगितलं तर हसतात. मी तवाच तिचे कान धरायला हवे होते.” मग तिने डबा सरांकडे सरकवला. “ती सकाळच्या गाडीने जयगडला गेली. आता नाय यायची.”

सर उभे राहिले, काहीतरी म्हणाले, पण ती परत वळली होती. जाताना तिने कुणाकडेही बघितलं नाही. मी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होते. काय लिहीत होते ते आठवत नाही.

परीक्षेला आठ दिवस होते. चार दिवसांत कपाटातल्या सगळ्या फ्लॉप्या एकेक करून गेल्या. सरांनी त्यातली एक कापून उघडली, तर आतल्या तबकडीवर पांढऱ्या बुरशीचे ठिपके होते, जुन्या लोणच्यावर येतात तसे. ते बराच वेळ ती हातात धरून बसले. पुण्याहून नवीन मागवायला वेळ नव्हता. चालत होत्या त्या फक्त डब्यातल्या चार. त्यांत एक सिस्टीमची होती, एक आमच्या प्रोग्रॅमची, आणि दोन इतरांच्या. बाकीच्यांनी आपापले प्रोग्रॅम वहीतून बघून पुन्हा टाइप केले, या फ्लॉप्यांवर जागा करून. तिने त्या नेल्या नसत्या तर त्या वर्षी यंत्रच चालू झालं नसतं आणि कुणीच पास झालं नसतं.

परीक्षक बाहेरून आले होते. भरतीचा प्रोग्रॅम मी एकटीने चालवून दाखवला. त्यांनी तिथी सांगितली, पडद्यावर वेळ आली, त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात भरती-ओहोटीचा तक्ता शोधून ताडून बघितली. खूश झाले. “ही पाऊणपट कुठून आणलीत तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“आमच्याकडे सगळ्यांनाच येते,” मी म्हणाले. आम्ही मूळचे लांज्याकडचे, डोंगरातले शेतकरी. समुद्राची पाऊणपट मी त्या मुलीकडून त्याच वर्षी शिकले होते.

अकराजण पास झाले. सरांनी जयगडला पत्र लिहिलं, आपल्या हाताने, दोन पानी. मला वाचायला दिलं होतं. चूक कॉलेजची झाली, मुलीची नव्हे, तिच्यामुळे आमचा वर्ग वाचला, तिला पुढच्या वर्गात घेऊन तिची परीक्षा आम्ही घेऊ, असं त्यात होतं. माझं नाव त्यात नव्हतं. मी सरांचे आभार मानायला हवे होते. मला वाटलं, हे पत्र उद्या कुणी दाखवलं तर माझी बाजू काय राहील?

त्याच आठवड्यात सर मला म्हणाले, “पुढच्या वर्गाला मदतनीस हवी आहे. तुझं काम नीट असतं. करशील?” घरी तेव्हा माझी पत्रिका तीन ठिकाणी गेली होती. नोकरी असती तर ते लांबलं असतं, आणि मला ते काहीही करून लांबवायचं होतं. मी हो म्हणाले. हे ऐकून बाबा इतके गोंधळले, की संध्याकाळी त्यांनी पेपर उघडलाच नाही. मग सर म्हणाले, “एक काम कर. मी गेलो तर बरं दिसणार नाही. तू मुलगी आहेस, जयगडला जाऊन विचारून ये, ती येते का.”

पाऊस ओसरला होता, भातं पिवळी पडत होती. एसटीने दोन तास लागले. घर खाडीच्या वर चढावाला होतं, अंगणातून खालच्या होड्या दिसत. तिच्या आईने मला बघून “ये गो, बस” म्हटलं, चहा आणि सांदणं दिली, आणि आमच्या दोघींसाठी पडवी मोकळी करून आत गेली. शिव्या खायची तयारी करून गेलेली मी सांदण हातात घेऊन तशीच बसले. हे लोक इतके चांगले का वागतायत, हाच विचार डोक्यात.

ती समोर बसली. थोडी बारीक झाली होती.

“प्रोग्रॅम चालला?” तिने आधी हेच विचारलं.

“चालला. परीक्षक खूश झाले.”

“अमावास्येला बरोबर आला? माझ्या मनात होतं, तीस तिथी घातली तर बाराच्या पुढं जाईल म्हणून.”

“तू लिहिलेलीस ना ती ओळ,” मी म्हणाले. “तिथी तीस आली की आधी पंधरा वजा करायचे.”

ती हसली. मग म्हणाली, “सरांचं पत्र अब्बांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलंय. म्हणतात, सायबाने आपल्या हाताने लिवून दिलंय, बोल धुतला गेला. जा म्हणतात.”

मला हायसं वाटलं, ते खरं होतं. मी म्हणाले, “मग ये ना.”

“येईन. पण तू नसशील ना तिथं?”

मी सांदणाचा तुकडा मोडला.

“तुना शिव्या द्यायच्या नायत मना,” ती म्हणाली. घरी होती म्हणून असेल, ती तिच्या घरच्या बोलीत बोलायला लागली होती. “पन मी यंत्राकडं तोंड करून बसनार. तवा माझ्या पाठीमागं कोन हाय ते मना ठाव पायजे. तू दोन फुटांवर बसत होतीस. एकदा इचारायचं होतंस मना, डब्यात काय हाय गो? मी सांगितलं असतं.”

इतकंच ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मला तिथे रडू यायला हवं होतं आणि आलं नाही, त्याची मला लाज वाटते.

“सरांना विचारून सांगते,” मी म्हणाले. मदतनिसाच्या नोकरीबद्दल मी तिला एक अक्षर सांगितलं नाही.

“सरांना सांग, दोन ओळी टाका म्हणावं. पत्र आलं की मी निघते. खालेलाही सांगून ठेवलंय.”

ती मला एसटीपर्यंत सोडायला आली. गाडी सुटल्यावर खिडकीतून बघितलं तर ती अजून उभी होती. परतीच्या दोन तासांत मी काय विचार केला ते लिहून टाकते. मला वाटलं, हिला माझ्या नोकरीचं कुणीतरी सांगितलं असणार. खालेचे कान सगळीकडे असतात. पाठीमागे कोण आहे वगैरे सगळं बोलायला ठीक; हिला माझी जागा घालवायची आहे, आणि वर चांगुलपणा दाखवायचा आहे. निवळीचा फाटा येईपर्यंत माझी खात्री पटली होती. मला ती पटवून घ्यायचीच होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, “काय म्हणाली?”

“ती हो म्हणते सर,” मी म्हणाले, “पण घरचे नाही म्हणतात.”

सरांचा चेहरा उतरला. मला भीती होती की ते खोदून विचारतील, पुन्हा पत्र लिहितील, वडिलांचा बोटीचा पत्ता मागतील. त्यांनी काहीच केलं नाही. “वाटलंच होतं मला,” एवढंच म्हणाले. ज्याने गणिताची, सायन्सची, वयाची अट काढून टाकली होती, चोरीचा आळ आला तेव्हा एकटाच “थांबा” म्हणाला होता, त्या माणसाने एवढी गोष्ट न तपासता मान्य केली. तशा घराबद्दल तसं सांगितलं की कुणाला नवल वाटत नाही. हे मला सांगण्याआधीच माहीत होतं. म्हणूनच मी ते निवडलं होतं.

पत्र गेलं नाही. ती पुढच्या वर्गाला आली नाही. तिने किती दिवस वाट बघितली ते मला माहीत नाही, आणि विचारायला मी कधी गेले नाही. वर्ग सुरू झाला. मी फ्लॉप्या डब्यात ठेवायला लागले, भाजलेल्या तांदळासकट. कुणी विचारलं तर ही आमच्याकडची पद्धत आहे असं सांगे.

मी त्या खोलीत पस्तीस वर्षं शिकवलं. आधी मदतनीस, मग शिक्षिका, मग वर्गाची प्रमुख. दहावी पास कोणीही, ही पाटी मी बदलू दिली नाही. खाडीकाठच्या गावांतून मुली आल्या, वाडीवस्तीतून आल्या, एकदा तर एका मुलीबरोबर तिची आईही नाव घालायला आली आणि दोघी पास झाल्या. बँकेत यंत्रं आली, बाबा काही कामावरून गेले नाहीत, आणि माझ्या दोन विद्यार्थिनी त्यांच्याच शाखेत लागल्या. हे सगळं खरं आहे. यातलं काही मी खोट्याने मिळवलं नाही, पहिली पायरी सोडून.

निवृत्त झाले तेव्हा कॉलेजने समारंभ केला. सर पुण्याहून आले, काठी टेकत. भाषणात त्यांनी माझं फार कौतुक केलं. ज्यांना कुणी संगणकाजवळ उभं केलं नसतं अशांना या बाईंनी आत घेतलं, म्हणाले. मग म्हणाले, “एकच खंत आहे. पहिल्या वर्गात जयगडची एक मुलगी होती. आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार. तिला परत आणायला या बाई स्वतः तिच्या घरी गेल्या होत्या. पण घरच्यांनी पाठवली नाही. तेवढ्या एका घराचं मन आपण वळवू शकलो नाही.”

पुढच्या रांगेत माझ्या त्या वर्षीच्या विद्यार्थिनींच्या आया बसल्या होत्या. त्यांतल्या बुरख्यातल्या एका बाईने, जणू तो दोष तिच्याच माणसांचा होता अशा तऱ्हेने, हळूच मान खाली घातली. मी व्यासपीठावर मधल्या खुर्चीत होते, माईक हातभर अंतरावर होता. मग कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, आणि मी उठून सर्वांना नमस्कार केला.